दमदार बास आणि स्पष्ट गायन : नवा हेडफोन निवडताना

नवी दिल्ली : मोबाईलसोबत आलेला किंवा हजार-दीड हजार रुपयांत घेतलेला इअरफोन दोन-तीन वर्षे वापरला की अनेक श्रोत्यांना त्याहून चांगल्या हेडफोनची ओढ लागते. दुकानात गेल्यावर त्यांची मागणी बहुधा एकाच वाक्यात मावते : बास दमदार हवा आणि गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ ऐकू यायला हवा. मागणी साधी वाटते, परंतु तिचे दोन भाग एकमेकांच्या वाटेत येतात. केवळ ‘बास’ या शब्दाच्या बळावर विकल्या जाणाऱ्या बऱ्याच हेडफोनमध्ये ढोलाचा ठोका छातीत जाणवतो आणि गायक मात्र शेजारच्या खोलीत उभा राहून गात असल्यासारखा भासतो. शब्द कळावेत म्हणून श्रोता आवाज वाढवतो, त्यासोबत ठोकाही वाढतो आणि शब्द पुन्हा बुडतात. हे चक्र रोज तास-दोन तास चालले तर त्याची किंमत कानांना मोजावी लागते. त्यामुळे या निवडीत आवडीनिवडीइतकाच आरोग्याचाही प्रश्न गुंतलेला आहे.

बास आणि कंठस्वर यांची हद्द

निरोगी तरुण कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि पायाने वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमचा भरीवपणा ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. बोलताना प्रौढ पुरुषाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८०, तर स्त्रीचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान राहतो. भारतीय मैफलीच्या भाषेत सांगायचे तर ‘काळी एक’ पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि त्याच्या तानपुऱ्यातील खर्ज त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. ‘काळी चार’मध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ असतो. डग्ग्याचा घुमाराही खालच्या याच परिसरातून निघतो आणि वादकाच्या मनगटाच्या दाबानुसार वर-खाली सरकतो. गाणारा आणि साथीचा खर्ज यांच्यात अनेकदा जेमतेम एका सप्तकाचे अंतर उरते.

म्हणूनच ‘बास’ हा शब्द एकसंध मानता येत नाही. ६० हर्ट्झच्या खालचा भाग कानांना ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो. त्यावर साधारण १५० हर्ट्झपर्यंत ठोक्याचा जोर असतो. १५० ते ४०० हर्ट्झचा पट्टा वाद्यांना ऊब देतो आणि गायकाच्या आवाजाचा पाया, छातीतून येणारा भरदारपणा, हाही याच पट्ट्यात असतो. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः २,००० ते ५,००० हर्ट्झमधील व्यंजनांमुळे. ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार त्याच्याही वर, ५,००० ते ९,००० हर्ट्झच्या दरम्यान असते.

खालचे ध्वनी वरच्या ध्वनींना झाकोळतात, परंतु वरचे खालच्यांना तितकेसे झाकोळत नाहीत. अमेरिकी संशोधक वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये शुद्ध स्वरांवर प्रयोग करून ही बाब मांडली. तिचे मूळ अंतर्कर्णाच्या रचनेत आहे. कानात शिरलेली ध्वनिलहर शंखाकृती नलिकेच्या तोंडापासून आत जाते. उंच स्वरांची जागा तोंडाशी आणि खालच्या स्वरांची जागा अगदी टोकाशी असते. टोकापर्यंत निघालेला जोरकस खर्ज वाटेतील उंच स्वरांच्या जागाही हलवून जातो. यातून हेडफोन निवडीचा मुख्य निकष हाती लागतो. बास किती वाढवला आहे यापेक्षा तो कोठपर्यंत वाढवला आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. साधारण १०० हर्ट्झच्या खाली उचल देऊन २०० हर्ट्झपर्यंत ती उतरवली असेल तर ठोका दमदार राहतो आणि गळा मोकळा राहतो. तीच उचल ३०० ते ४०० हर्ट्झपर्यंत पसरली की पुरुषाचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो आणि स्त्रीचा आवाज जाड होतो.

आवाज मागे जाण्याचे दुसरे कारण बासच्या विरुद्ध टोकाला असते. अनेक कंपन्या खालचा आणि सर्वांत वरचा, असे दोन्ही भाग उचलतात आणि मधला भाग तसाच ठेवतात. आलेखावर ही रेषा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दिसते. दुकानात दोन मिनिटे ऐकताना असा हेडफोन चमकदार वाटतो, कारण झांजा लखलखतात आणि ड्रम गरजतो. तासाभराने मात्र गायक खड्ड्यात उभा असल्याचे लक्षात येते.

श्रोत्यांना नेमके काय आवडते, याचा पद्धतशीर शोध २०१२ च्या सुमारास अमेरिकेतील हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी सुरू केला. कोणता हेडफोन आहे हे न सांगता त्यांनी अनेक श्रोत्यांना ऐकवून त्यांची पसंती नोंदवली. त्यातून जी रेषा निघाली ती आज ‘हार्मन टार्गेट’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात बासची उचल सुमारे १०५ हर्ट्झच्या खाली दिली जाते, मधला भाग सपाट राहतो आणि ३,००० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा येतो. हा उंचवटा कृत्रिम नसतो. उघड्या कानाची नळी स्वतःच त्या पट्ट्यातील ध्वनी वाढवते आणि हेडफोनने तीच वाढ भरून दिली तर आवाज समोरून आल्यासारखा वाटतो. बहुसंख्य श्रोत्यांनी या रेषेच्या जवळपासचे हेडफोन पसंत केले. काहींना याहून जास्त, तर काहींना कमी बास हवा होता. दमदार बास मागणारा श्रोता बेसूर आहे, असा शिष्ट समज काही हौशी मंडळींत आढळतो. या संशोधनाने त्याला फारसा आधार दिलेला नाही.

खोक्यावरील आकडे

खोक्यावर छापलेले ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे शब्द निवडीसाठी जवळपास निरुपयोगी आहेत. त्या कक्षेत आवाज किती डेसिबलने वर-खाली होतो, हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो. स्वस्तातला आणि महागडा असे दोन्ही हेडफोन तोच आकडा प्रामाणिकपणे छापू शकतात. ‘५० मिलिमीटर ड्रायव्हर’ या दाव्याचेही तसेच आहे. मोठा पडदा अधिक हवा हलवू शकतो हे खरे, पण बास ठरतो तो पडद्यामागची पोकळी, गादी आणि कानाभोवतीचा बंदिस्तपणा यांच्या एकत्रित परिणामाने. इन-इअर प्रकारातील १० मिलिमीटरचा पडदाही कानाची नळी नीट बंद झाली तर २० हर्ट्झपर्यंत उतरतो.

किमतीबाबतही असेच म्हणता येते. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापे तपासली, तेव्हा ध्वनीची रेषा आणि विक्रीची किंमत यांत त्याला परस्परसंबंध आढळला नाही. जास्त पैशांत बांधणी, गादी, बदलता येणारी वायर, आवाज-रोधन यंत्रणा आणि दीर्घकाळ मिळणारे सुटे भाग पदरात पडू शकतात. स्पष्ट गायनाची हमी मात्र किमतीतून मिळत नाही.

उपयोगी पडतो तो स्वतंत्र परीक्षकांनी कृत्रिम कानावर मोजलेला आलेख. तो वाचताना तीन ठिकाणी नजर टाकावी. रेषा १०० हर्ट्झच्या खाली उचललेली आहे का, २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात ती फुगलेली आहे का आणि १,००० ते ४,००० हर्ट्झमध्ये ती हळूहळू चढते की तिथे खड्डा पडतो, एवढे पाहिले तरी अर्धे काम होते. वेगवेगळ्या परीक्षकांची मोजणी-यंत्रे वेगळी असतात. त्यामुळे दोन हेडफोनची तुलना एकाच परीक्षकाच्या आलेखांवरून करणे योग्य.

बंद, उघडे आणि कानात बसणारे

संगीतासाठी हेडफोन ही कल्पना तशी अलीकडची आहे. १९१० मध्ये अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविनने बनवलेली कर्णयंत्रे नौदलाच्या बिनतारी संदेशांसाठी होती. जर्मनीच्या बायरडायनॅमिकने १९३७ मध्ये ‘डीटी ४८’ हा डायनॅमिक प्रकारचा हेडफोन आणला. घरात बसून स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी खास बनवलेला हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये सादर केला. झेनहायझरच्या ‘एचडी ४१४’ने १९६८ मध्ये मागून उघड्या रचनेचा पायंडा पाडला आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने हेडफोनला रस्त्यावर आणले.

त्यातील उघड्या आणि बंद रचनेचा भेद आजही निवडीच्या केंद्रस्थानी आहे. उघड्या हेडफोनच्या वाटीला मागून जाळी असते, त्यामुळे आवाज मोकळा वाटतो आणि गायन विशेष नैसर्गिक भासते. १९९७ पासून बाजारात असलेला ‘एचडी ६००’ कंठस्वरासाठी आजही दाखला म्हणून पुढे केला जातो. मात्र सर्वांत खालचा बास या रचनेत गळून जातो, शिवाय आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत येतो. एकाच खोलीत चौघे राहणाऱ्या कुटुंबात किंवा वसतिगृहात हा प्रकार गैरसोयीचा ठरतो. उघड्या रचनेतच खोल बास हवा असेल तर ‘प्लॅनर मॅग्नेटिक’ प्रकार विचारात घेता येतो. त्यात पातळ सपाट पडद्यावरच वाहक पट्ट्या छापलेल्या असतात आणि बास सहसा खालपर्यंत सरळ जातो. तो खोल असतो, पण फुगवलेला नसतो. त्यामुळे ‘धडधड’ शोधणाऱ्याची थोडी निराशा होऊ शकते.

दमदार बाससाठी बंद रचना सोयीची असते. स्टुडिओंत दीर्घकाळ टिकलेल्या काही मॉडेलची तुलना येथे उद्बोधक ठरेल. बायरडायनॅमिकच्या ‘डीटी ७७० प्रो’मध्ये बास खोल आणि भरघोस आहे, मखमली गाद्यांमुळे तो तासन्‌तास घालता येतो, पण वरचा भाग धारदार असल्याने ‘स’कार टोचण्याची तक्रार अनेकांकडून होते. ऑडिओ-टेक्निकाचा ‘एटीएच-एम५०एक्स’ ठोक्याला जोरकस आणि उत्साही आहे. सोनीचा १९९१ मधील ‘एमडीआर-७५०६’ वृत्तवाहिन्यांच्या ध्वनिमुद्रकांच्या कानांवर अजूनही दिसतो, कारण त्यात शब्द लख्ख ऐकू येतात. बासप्रेमीला तो कदाचित रूक्ष वाटेल. हार्मन समूहातील एकेजीचा ‘के३७१’ कंपनीच्या वर उल्लेखिलेल्या रेषेजवळ जाणारा आहे. खोल बास आणि मोकळा गळा हे दोन्ही त्यात सापडतात, फक्त तो डोक्यावर नीट बसणे अत्यावश्यक असते. खरेदी प्रत्यक्षात यांपैकी कशाचीही होवो, ऐकताना कोणत्या दिशेचा फरक शोधायचा हे या तुलनेतून समजते.

इन-इअर प्रकारात गेल्या दशकात सर्वाधिक बदल झाले. काही मॉडेलमध्ये बाससाठी डायनॅमिक पडदा आणि गायनाच्या पट्ट्यासाठी ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ नावाचा वेगळा सूक्ष्म घटक, असे कामाचे वाटप असते. हे वाटप नीट जमले तर कमी पैशांत दोन्ही मागण्या पूर्ण होतात. ते फसले तर तबला एका खोलीत आणि गायक दुसऱ्या खोलीत, असा अनुभव येतो. घटकांची संख्या मोजून गुणवत्ता ठरवण्याचा मोह येथे आवरायला हवा.

बसण्याचा प्रश्न

बासबाबतच्या तक्रारींचे एक सर्वसाधारण कारण यंत्रात नसून ते डोक्यावर कसे बसते यात असते. गादी आणि कातडी यांच्यात बारीकशी फट राहिली तरी १०० हर्ट्झच्या खालचा आवाज झपाट्याने गळतो. चष्म्याची जाड काडी, दाट केस, कानावरून जाणारी पगडी किंवा ओढणी, यांपैकी कशानेही ही फट पडू शकते. तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे गाणे चालू असताना दोन्ही वाट्या तळव्यांनी हलकेच दाबाव्यात. बास एकदम वाढला तर बसण्यात कमतरता आहे. इन-इअरमध्ये हीच चाचणी बोटाने करता येते आणि उपाय बहुधा एक माप मोठी किंवा लहान रबरी टोपी लावण्याचा असतो. सोबत येणाऱ्या तीन जोड्यांपैकी दोन जोड्या अनेक घरांत कधी पाकिटाबाहेर निघतच नाहीत. चष्मा वापरणाऱ्याने हेडफोन चष्म्यासह घालून पाहावा आणि पगडी बांधणाऱ्यांना इन-इअर प्रकार अधिक सुटसुटीत पडतो.

शक्ती, वायर आणि ब्लूटूथ

वायरच्या हेडफोनसाठी दोन आकडे मात्र खरोखर कामाचे आहेत : ओहममधील अवरोध आणि एक मिलिवॉटला मिळणारे डेसिबल. उदाहरणार्थ, २५० ओहम आणि ९६ डेसिबल असलेल्या हेडफोनला मोबाईलच्या साध्या जोडणीतून एक व्होल्ट मिळाला तर आवाजाचा माथा साधारण १०२ डेसिबलपर्यंत पोहोचतो. ३८ ओहम आणि ९९ डेसिबलचा हेडफोन त्याच जोडणीवर ११३ डेसिबलच्या जवळ जातो. पहिला आकडा ऐकण्यास अपुरा मुळीच नाही. परंतु इक्वलायझरने बास सहा डेसिबल वाढवला तर त्या भागाला चौपट शक्ती लागते आणि तेव्हा हात आखडतो. ठोक्याच्या क्षणी आवाज फाटतो किंवा बास पोकळ वाटतो. मोबाईलवरच ऐकणाऱ्याने म्हणून कमी ओहमचे रूप घ्यावे. ‘डीटी ७७० प्रो’ ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत निघाला आहे आणि दुकानात नेमके कोणते हातात दिले जात आहे, हे पाहणे महत्त्वाचे.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये वर्धक आत असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. त्यांच्या जाहिरातींत संकेतन पद्धतींची नावे ठळक छापलेली असतात. सोनीची एलडॅक पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती वाहू शकते, पण आयफोन ती वापरत नाही. तो एसबीसी आणि एएसी यांवरच चालतो. गायन स्पष्ट ऐकू येण्यात या पद्धतींपेक्षा हेडफोनच्या मूळ स्वरमेळाचा वाटा कितीतरी मोठा असतो. बिनतारी हेडफोनचा खरा लाभ त्यांच्या ॲपमधील इक्वलायझरमध्ये आहे. कारखान्यातून फुगलेला बास घेऊन आलेले मॉडेलही त्याने बरेच ताळ्यावर आणता येते.

इक्वलायझरचा विचार खरे तर खरेदीपूर्वीच व्हायला हवा. जुन्या हेडफोनवर १०० हर्ट्झच्या खाली चार-पाच डेसिबल वाढ आणि २५० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल घट करून पाहावी. एकूण पातळी तेवढ्याच डेसिबलने खाली आणावी, नाहीतर आवाज फाटेल. अँड्रॉइडवर ‘वेव्हलेट’ आणि विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ ही साधने त्यासाठी वापरली जातात. एवढ्याने समाधान झाले तर पैसे वाचले. झाले नाही तर आपल्याला नेमके काय हवे आहे, हे तरी ध्यानात येते.

ऐकून पाहताना

दुकानदाराने लावलेली ‘डेमो’ धून बाजूला ठेवून आपली ओळखीची गाणी लावावीत. एक पुरुष आवाज, एक स्त्री आवाज, तबल्याची साथ असलेली एखादी बंदिश किंवा अभंग आणि भरघोस बास असलेले एखादे नवे चित्रपटगीत, एवढी चार पुरेशी आहेत. डग्ग्यावर ‘घे’ वाजताना त्याचा घुमारा सुरात सरकताना ऐकू आला पाहिजे, नुसता ‘धप्प’ असा गोळा नको. भारतीय तालवाद्यांचा नाद सुरेल का असतो, याचे शास्त्रीय विवेचन चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात केले होते. कातड्यावरील शाईमुळे त्यांचे उपस्वर संवादी होतात. एका ओळीत न मिसळणारे हे उपस्वर हेडफोन वेगळे दाखवतो की नाही, ही बासच्या दर्जाची चांगली परीक्षा आहे. त्याच वेळी गायकाचे शब्द कान न ताणता कळतात का, ‘स’ टोचतो का, तानपुऱ्याची जवारी ऐकू येते का, हे पाहावे.

तुलनेतील मोठी फसगत आवाजाच्या पातळीमुळे होते. दोन हेडफोनपैकी किंचित मोठा वाजणारा कानाला हटकून सरस वाटतो, बासही त्यात जास्त जाणवतो. दोन्हींवर गायकाचा आवाज सारखा वाटेपर्यंत पातळी जुळवावी आणि मगच बासची तुलना करावी. जुनी चित्रपटगीते बास तपासण्यासाठी वापरू नयेत. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खालचा भाग मुळातच मोजका आहे आणि तो ओढूनताणून वाढवला की गाण्याऐवजी ५० आणि १०० हर्ट्झची विजेची घरघर वर येते.

कानांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांना टाळता येण्याजोग्या श्रवणहानीचा धोका आहे. संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सुचवली आहे, मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. दर तीन डेसिबलमागे हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याला केवळ चार तास उरतात आणि १०० डेसिबलवर जेमतेम २० मिनिटे. बुडालेले शब्द वर काढण्यासाठी आवाजाची पट्टी दोन-तीन घरे पुढे सरकवण्याचा अर्थ या हिशेबात पाहायला हवा.

येथे दमदार बासच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना कानाला खर्ज विशेष कमी ऐकू येतो. सपाट स्वरमेळाचा हेडफोन हळू लावला की रूक्ष वाटतो आणि श्रोता आवाज वाढवतो. खालच्या भागात नेटकी उचल असलेला हेडफोन लहान आवाजातही भरलेला वाटतो. गळा मोकळा असेल तर शब्दांसाठीही आवाज वाढवावा लागत नाही. त्या अर्थाने दोन्ही मागण्या एकत्र पूर्ण करणारा हेडफोन कानांना सुरक्षित पातळीवर ठेवणे सोपे करतो.

प्रवासात गणित बदलते. मुंबईची लोकल, दिल्लीची मेट्रो किंवा लांब पल्ल्याची बस, यांच्या गोंगाटात खालच्या स्वरांचा भरणा मोठा असतो आणि तो नेमका बासच गिळतो. घरी भरदार वाटलेला हेडफोन डब्यात पोकळ वाटतो तो यामुळे. तेथे बास वाढवण्यापेक्षा गोंगाट कमी करणे शहाणपणाचे. गोंगाटाच्या उलट लहर निर्माण करून तो पुसणारी यंत्रणा मुख्यतः खालच्या स्वरांवरच चालते. ही कल्पना प्रत्यक्षात आणणारे अमर बोस हे बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाचे पुत्र. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात दिलेल्या हेडफोनवर गोंगाटापायी संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तेथेच आकडेमोड सुरू केली, असे सांगितले जाते. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी पहिला असा हेडफोन बाजारात आणला. रस्ता ओलांडताना किंवा रुळांजवळ मात्र ही यंत्रणा बंद ठेवणेच इष्ट.

देयक, नोंदणी आणि गाद्या

भारतात विकले जाणारे बिनतारी हेडफोन व इअरफोन भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. खोक्यावर किंवा वस्तूवर मानक चिन्हाशेजारी ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. ही नोंदणी विद्युत सुरक्षेपुरती असते, ध्वनीच्या दर्जाशी तिचा संबंध नाही. आयात मालावर आयातदाराचे नाव, मूळ देश आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे. हेडफोनवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तो भरल्याचे देयक हमीसाठी जपून ठेवावे. नामांकित स्टुडिओ हेडफोनच्या बनावट प्रती बाजारात फिरतात. अनपेक्षित सवलत आणि देयक देण्यास टाळाटाळ या दोन गोष्टी एकत्र आल्या तर माघारी फिरणे बरे. इन-इअर प्रकार पाकीट उघडल्यानंतर अनेक विक्रेते स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेत नाहीत, म्हणून परतीची अट आधी विचारून घ्यावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

निवडलेल्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का, हेही पैसे देण्यापूर्वी पाहावे. कोकणासारख्या दमट हवेत कृत्रिम कातड्याची गादी दोन-तीन वर्षांत सोलवटू लागते. ती दबली की पडदा कानाच्या जवळ येतो, कडेची फट वाढते आणि सुरुवातीला पसंत पडलेला बास हळूहळू नाहीसा होतो. अशा वेळी मूळ जाडीच्या आणि मूळ कापडाच्याच गाद्या मागवाव्यात. मखमलीऐवजी कातडी किंवा कातडीऐवजी मखमल लावली तर बास आणि गायन या दोहोंचा तोल बदलतो. इन-इअरच्या नळीवरील जाळीत मळ साचला की एका कानातील गायन मंदावते. मऊ, कोरड्या ब्रशने ती महिन्यातून एकदा साफ करता येते.